फोरमनसाहेबांचा पहिलवान

भर दुपारी, घराच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी सिस्टरांची पर्स हिसकावली. पर्सचा पट्टा त्यांनी खांद्यावरून आडवा घेतला होता, आणि पट्टा मजबूत होता. तो तुटला नाही. मोटारसायकलही थांबली नाही. सिस्टर फरफटत गेल्या. मागे बसलेल्याने त्यांच्या तोंडावर बुटाची लाथ मारली, तेव्हा कुठे पट्टा सुटला. गळ्याखालचं हाड मोडलं, एका गालाची सालटी निघाली. पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर असे चेंगरले होते, की धावत आलेल्या लोकांना रक्त कुठलं आणि टोमॅटो कुठला हेच कळेना.

हे सगळं त्यांच्या नवऱ्याने फाटकात उभं राहून पाहिलं. उभं राहून म्हणजे काय, धावायला गेले तर गुडघ्याने दगा दिला आणि ते फाटकाला धरून राहिले. तोंडातून फक्त एक आरोळी निघाली.

त्यांना गल्लीत सगळे फोरमनसाहेब म्हणत. पत्र्याला आकार देणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला होता. तिथल्या धडधडाटातही त्यांची आरोळी ऐकू यायची आणि अख्खी पाळी जागच्या जागी थांबायची. त्या दिवशी त्या आरोळीने कुणीच थांबलं नाही! निवृत्तीनंतर जेवढा माणूस म्हातारा झाला नव्हता, तेवढा तो त्या एका दुपारी झाला.

सिस्टरांना सिस्टर म्हणत, कारण त्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. हात गळ्यात बांधून त्या घरी आल्या, त्याच दिवशी फोरमनसाहेबांनी जाहीर केलं, ‘‘आता कुत्रा आणायचा.’’

‘‘अहो, मला अजून धड घास चावता येत नाहीये, आणि तुम्हाला कुत्रा सुचतोय?’’

‘‘असातसा नाही. बघूनच माणसाच्या तोंडचं पाणी पळालं पाहिजे!’’

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीने फोनवर समजावून पाहिलं. ‘‘बाबा, तुम्ही दोघांनी आयुष्यात साधं मांजर पाळलं नाही. आणायचाच असेल तर थोडा वयाने मोठा, शांत असा आणा. आईला सोबत होईल.’’

‘‘सोबतीला आम्ही एकमेकांना आहोत. मला पहारा हवाय. म्हातारा कुत्रा आणून काय करू? तिघंही डॉक्टरकडे एका रांगेत बसू?’’

लेक हसली. हसली म्हणून विषय संपला, आणि तो तिथेच संपायला नको होता.

कुत्री विकणारा माणूस गोडबोल्या होता. त्याच्याकडच्या पिंजऱ्यांतून त्याने एक काळाभोर, जेमतेम वर्षाचा नर बाहेर काढला. पातेल्याएवढं डोकं, मांडीएवढी मान. कुत्र्याने फोरमनसाहेबांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले, तसे ते मागच्या भिंतीवर आदळले आणि खूश झाले.

‘‘याला बघून चोर रस्ता बदलेल, साहेब,’’ विकणारा म्हणाला. ‘‘फक्त पहिल्या दिवसापासून याला कळलं पाहिजे मालक कोण ते. लाड नाहीत. हातात पट्टा ठेवायचा. दोन खाल्ले की सरळ येतो.’’

‘‘ते माझ्यावर सोडा,’’ फोरमनसाहेब म्हणाले.

तुमचा गुडघा कसा आहे, घरात कोण कोण आहे, याला फिरवणार कोण, हे त्या माणसाने विचारलं नाही. विचारलं असतं तर कुत्रा विकला गेला नसता. कुत्र्याचं नाव पहिलवान ठेवलं.

लस टोचायला ते आणि सिस्टर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या बाई. हातांवर ओरखड्यांच्या जुन्या खुणा. त्यांनी कुत्र्याचे दात पाहिले, पंजे पाहिले आणि मग मालकाकडे पाहिलं.

‘‘दिवसातून किती चालता?’’

‘‘मी कुत्रा तपासायला आणलाय, स्वतःला नाही,’’ फोरमनसाहेब म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. ‘‘हा अजून वाढणार आहे. वजनाला सिस्टरांपेक्षा जास्त भरेल. या जातीने पिढ्यान्‌पिढ्या दिवसभर गुरांमागे धावायचं काम केलंय. तुम्ही याला धावायला कुठे देणार?’’

‘‘अंगण आहे की.’’

‘‘तुमच्या अंगणात हा धावायला लागला, तर वेग घ्यायच्या आधी भिंत येईल. फोरमनसाहेब, राग मानू नका. हा कुत्रा वाईट नाही. पण पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, या वयाच्या दोन माणसांसाठी हा नाही. अजून वेळ गेलेली नाही. मी याला मोकळी जागा असलेलं घर शोधून देते.’’

‘‘कारखान्यात भले भले वठणीवर आणलेत मी. माणसं हाताळलीत, माणसं!’’

‘‘ती माणसं संध्याकाळी घरी जायची,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘हा जाणार नाही.’’

फोरमनसाहेबांना ते बोलणं लागलं. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

पहिले काही दिवस पहिलवानला घेऊन ते छाती काढून फिरले. लोक बाजूला होत. ‘‘वा! याला म्हणतात कुत्रा!’’ असं कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचा फोरमन दिसला. मग एका सकाळी रस्त्यापलीकडे मांजर पळालं. पहिलवानने उडी घेतली, फोरमनसाहेब तोंडावर पडले आणि गुडघ्याचं होतं नव्हतं ते बळही गेलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर घेऊन गेल्या, तर जेमतेम जुळलेल्या हाडात कळ उठली आणि त्या अर्ध्या रस्त्यातून रडत परत आल्या.

फिरणं बंद झालं. फोरमनसाहेबांनी अंगणाच्या भिंतीत स्वतःच्या हाताने एक लोखंडी कडी ठोकली आणि पहिलवानला साखळीने बांधलं. त्याला माळ नव्हता, गुरं नव्हती. होती ती साखळीच्या लांबीची अर्धगोल जमीन. ती त्याने पंजांनी उकरून काढली. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला. आणि जो कुत्रा चोरांवर भुंकावा म्हणून आणला होता, तो दूधवाल्यावर भुंकतो म्हणून पट्टा खाऊ लागला.

‘‘बस!’’ फोरमनसाहेब ओरडत. नाही बसला तर पाठीवर सट्‌कन पट्टा. ‘‘बस म्हटलं की बसायचं!’’ पुन्हा पट्टा. कुत्रा गुरगुरला की पट्ट्याची बकलाची बाजू. एकदा बकल डोळ्याच्या वर लागलं आणि कातडं फाटलं. सिस्टरांनी ते घरीच टाके घालून शिवलं. टाके घालताना कुत्रा थरथरत होता, पण त्याने त्यांच्या हाताला दात लावला नाही.

‘‘अहो, मारून काय मिळतं?’’ त्या कळवळून म्हणत.

‘‘शिस्त मिळते. बघ, आता एका शब्दावर बसतो की नाही!’’

खरंच बसायचा. शब्द कानावर पडला रे पडला, की जिथे असेल तिथे, कान पाडून, अंग चोरून बसायचा. फोरमनसाहेब पाहुण्यांना ते करून दाखवत. पाहुणे वाहवा करत. वाचकहो, त्या पाहुण्यांत आपणही असतो. मुलाला धाकात ठेवलेलं घर पाहून आपण म्हणतो, किती छान वळण आहे! जनावर थरथरत बसलेलं पाहून म्हणतो, किती हुशार आहे!

गल्लीच्या पलीकडे टेलरकाकू राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ वेल्डर, तो त्यांच्याजवळ राहायचा. सगळ्या गल्लीचे कपडे काकूंच्या हाताखालून जात. कापडावर कात्री ठेवली की आखल्यावाचून सरळ कापत. सिस्टरांनी त्यांना पडदे शिवायला दिले होते आणि ते घेऊन त्या एका सकाळी आल्या. फाटक उघडलं. ‘‘सिस्टर, पडदे झाले हो!’’ त्यांनी हाक मारली आणि हातावरचा पडदा नीट करायला म्हणून झटकला. लांबलचक कापड वाऱ्याने फडफडलं.

पहिलवानने त्या कापडात काय पाहिलं कुणास ठाऊक. हवेत उठणारी लांब, लवलवती वस्तू त्याने एकच पाहिली होती. तो उसळला. रोजच्या हिसक्यांनी खिळखिळी झालेली कडी विटेसकट भिंतीतून निघाली.

टेलरकाकू किंचाळल्या तेव्हा त्यांचा उजवा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता. तो मान झटकत होता आणि काकू बाहुलीसारख्या हलत होत्या. फोरमनसाहेब घरातून धावत आले. दारामागचा लोखंडी पाइप त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो कुत्र्याच्या बरगड्यांवर हाणला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. कुत्र्याने हात सोडला नाही, उलट जबडा आणखी आवळला. फोरमनसाहेबांनी पुन्हा हाणला. या वेळी तसाच आवाज काकूंच्या हातातून आला.

‘‘थांबा!’’ सिस्टर ओरडल्या. ‘‘माराल तितका तो घट्ट धरतोय!’’

त्यांनी खाली पडलेला पडदा उचलून कुत्र्याच्या डोक्यावर टाकला. त्याच्या शेजारी रक्तात गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या मानेवर हात ठेवून, कळा देणाऱ्या बाईशी बोलावं तशा हळू आवाजात बोलू लागल्या, ‘‘सोड. सोड रे बाळा. कुणी नाही मारत. सोड.’’

आणि त्याने सोडलं!

सिस्टरांनी काकूंना ओढून पायरीवर नेलं, पडद्याची पट्टी फाडून दंडाला करकचून बांधली. हाडाचा पांढरा तुकडा बाहेर दिसत होता. काकूंचे ओठ निळे पडले होते आणि त्या एकच बोलत होत्या, ‘‘उजवा आहे हो सिस्टर, उजवा आहे.’’

एवढ्यात गल्ली जमा झाली. सगळ्यांत पुढे वेल्डर, हातात सळई. मागे काठ्या, फावडं, कुणाच्या हातात बॅट. ‘‘बाजूला व्हा, साहेब!’’ वेल्डर गरजला. पायरीवरची बहीण त्याने पाहिली होती. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. फोरमनसाहेब बाजूला झाले. होय, बाजूला झाले! मरू दे, असंच त्यांच्या मनात आलं.

दुकानदाराने काकूंना आपल्या गाडीत घातलं, सिस्टर सोबत गेल्या. इकडे अंगणात कुत्र्याला चारही बाजूंनी घेरलं. पहिली काठी तोंडावर बसली, दुसरीने मागचा पाय मोडला. तो कोपऱ्यातून कोपऱ्यात जात होता, मागे साखळी आणि साखळीला ती वीट. कुणी वीट पायाखाली दाबून धरत होतं, म्हणजे मारायला बरं. त्याच्या तोंडातून निघणारा आवाज भुंकण्याचा नव्हता, गुरगुरण्याचाही नव्हता. फोरमनसाहेबांनी कारखान्यात एकदा यंत्रात सापडलेल्या माणसाचा आवाज ऐकला होता. तसा तो होता.

अचानक वीट सुटली. कुत्रा दोघांच्या पायांमधून निसटला आणि तीन पायांवर फाटकाकडे पळाला. फाटक सताड उघडं. पुढे मोकळा रस्ता. तो सुटलाच होता!

वेल्डर सळई घेऊन मागे धावला. आणि फोरमनसाहेबांच्याने पाहवेना. त्यांच्या छातीतून ती जुनी आरोळी फुटली.

‘‘बस! अरे, बस करा! बस!’’

माणसांपैकी कुणी थांबलं नाही.

कुत्रा थांबला.

फाटकाच्या बरोबर मधोमध तो वळला आणि बसला. मोडका पाय अंगाखाली ओढून, पुढचे दोन्ही पंजे जुळवून, कान पाडून, मालकाकडे बघत बसला. त्याला तो शब्द तेवढ्याच अर्थाने माहीत होता.

सळई त्याच्या डोक्यावर उतरली.

मग मात्र सगळे थांबले. वेल्डरच्या हातून सळई गळाली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ‘‘हा... हा बसला का?’’ तो विचारत होता. ‘‘साहेब, हा बसला का?’’

फोरमनसाहेब रांगत रांगत गेले आणि त्यांनी ते पातेल्याएवढं डोकं मांडीवर घेतलं. कुत्रा अजून श्वास घेत होता.

दवाखान्याची पायरी न चढण्याची भाषा करणारा माणूस वेल्डरच्याच टेंपोतून तिथे गेला. डॉक्टरांनी कवटी चाचपली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि मान हलवली. ‘‘याला आता फक्त वेदना आहेत. मी इंजेक्शन देते. तुम्ही बाहेर थांबणार का?’’

‘‘नाही,’’ फोरमनसाहेब म्हणाले. ते कुत्र्याचा पंजा धरून उभे राहिले. सगळं शांत झालं तरी त्यांनी पंजा सोडला नाही. तिकडे रुग्णालयात टेलरकाकूंना शस्त्रक्रियेसाठी आत नेल्यावर सिस्टर तिथे येऊन पोहोचल्या, तेव्हाही ते तसेच उभे होते.

‘‘मी शिस्त लावत होतो,’’ ते डॉक्टरांना म्हणाले. ‘‘चांगलंच करायला गेलो होतो.’’

‘‘शिस्त लागली होती त्याला,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘म्हणूनच तो आज मेला.’’ त्यांनी हातमोजे काढले आणि टेबलाच्या कडेला टेकल्या. ‘‘फोरमनसाहेब, तुम्ही एका तरण्या, ताकदवान जनावराला भिंतीला बांधलंत आणि रोज मारलंत. जगाला घाबरायला तुम्ही त्याला शिकवलंत. आणि मग अपेक्षा केलीत की त्याने फक्त चोराला चावावं. चोर कोण आणि टेलरबाई कोण, हे भेदरलेल्या जनावराला कसं कळणार?’’

‘‘लोक म्हणतील ती जातच वाईट.’’

‘‘म्हणू देत. हाच कुत्रा माळरानावर, रोज मैलोन्‌मैल धावणाऱ्या माणसाकडे असता तर म्हातारा होऊन मेला असता. कुत्रा वाईट नव्हता. तुम्हीही दुष्ट नाही. तुमची जोडी चुकली होती, आणि चुकलीय हे मी सांगितलं तेव्हा तुम्हाला अपमान वाटला. कुत्रा घेताना तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाही. आपण किती भ्यालो आहोत तेवढंच पाहिलंत.’’

फोरमनसाहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या आपल्या बाजूने काही बोलतील, असं त्यांना वाटलं असावं.

सिस्टर बोलल्या, पण वेगळंच. ‘‘मला त्या दिवशी लाथ मारणाऱ्याचा चेहरा आठवत नाही. बूट आठवतो. तुम्ही अंगणात याला मारायचात ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी असायचे आणि मला तो बूट दिसायचा. चोरांची भीती कधीच गेली होती हो माझी. मला आपल्या घरातल्या आवाजाची भीती वाटायची.’’

मोठमोठ्या यंत्रांसमोर न हललेला तो माणूस मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

टेलरकाकूंचा हात वाचला, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. कात्री धरवेना. फोरमनसाहेब त्यांच्या दारात गेले तेव्हा वेल्डरने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेला. काकू शिलाई मशीनसमोर नुसत्या बसल्या होत्या.

‘‘माफी मागायला आलात ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागा. पण माफीने बाही कापली जात नाही, साहेब. लोकांचं कापड पडून आहे.’’

‘‘मी कापतो,’’ फोरमनसाहेब म्हणाले. ‘‘पत्रा कापलाय आयुष्यभर. तुम्ही खुणा करा.’’

पहिले कपडे असे काही निघाले की काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘‘हा सदरा आहे की टाकीचं झाकण?’’ पण ते जात राहिले. काकू डाव्या हाताने खडूच्या खुणा करत, ते कापत, सिस्टर मशीनवर बसत. काकूंचा राग काही एका दिवसात गेला नाही. कधी कधी बाहेर कुत्रं भुंकलं तरी त्यांच्या हातातला खडू गळून पडे आणि त्या दिवशी त्या त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. फोरमनसाहेबांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. मुकाट्याने खडू उचलून देत.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टर एकदा चहा घेताना म्हणाल्या, ‘‘मला पुन्हा एक कुत्रा हवाय.’’

‘‘माझी लायकी नाही,’’ फोरमनसाहेब म्हणाले.

‘‘लायकी नसते, आणावी लागते. या वेळी विचारून आणू.’’

‘‘मग पहिल्यांदा टेलरबाईंना विचारायचं. त्या नाही म्हणाल्या तर विषय बंद.’’

काकूंनी न मिटणारी बोटं पुढे केली. ‘‘गल्लीत राहणार म्हणजे माझ्या दारासमोर राहणार. मी येणार बघायला. मला चालला तरच.’’

डॉक्टर बेवारस आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी शहराबाहेर एक निवारा चालवायच्या. तिघं तिथे गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, ‘‘दिवसातून किती चालता?’’

‘‘सकाळी कोपऱ्यापर्यंत. संध्याकाळी गुडघा असेल तसं,’’ फोरमनसाहेबांनी मान खाली घालून उत्तर दिलं.

‘‘ओढलं तर सावरता येईल?’’

‘‘नाही. हिलाही नाही.’’

‘‘तुम्ही दोघं आजारी पडलात तर?’’

‘‘लेकीला विचारलंय. ती नेईल. तिच्या नवऱ्यालाही विचारलंय.’’

‘‘हात उचलाल?’’

यावर फोरमनसाहेब चटकन ‘नाही’ म्हणाले असते तर डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं असतं. ते थोडं थांबले. ‘‘राग येईल तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभा राहीन. हिला तसं सांगून ठेवलंय, मला बाहेर काढायचं म्हणून.’’

डॉक्टरांनी आतून एक कुत्री आणली. बुटकी, जाडजूड, तोंडावरचे केस पिकलेले. तिची मालकीण वारली होती आणि घरच्यांना ती नको होती. शेजारच्या कुंपणात एक देखणा तरणा कुत्रा उड्या मारत होता. फोरमनसाहेबांचे डोळे एकदा तिकडे गेले, हे सिस्टरांनी पाहिलं. पण ते स्वतःच वळले आणि त्या पिकल्या तोंडाच्या कुत्रीसमोर जमिनीवर बसले.

टेलरकाकू दाराशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. घामाने त्यांचं पोलकं भिजलं होतं. कुत्री त्यांच्याकडे दोन पावलं गेली, त्यांचा वास घेतला, त्या ताठ झाल्या तशी तिथेच थांबली आणि तोंड वळवून आडवी झाली. पुढे आली नाही.

‘‘हिला कळतं,’’ काकू कुजबुजल्या. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी लगेच कुत्री दिली नाही. पुन्हा या, हिला फिरवून बघा, मग ठरवू, म्हणाल्या. ते जात राहिले. तिघंही जात राहिले. एका भेटीत काकूंनी आपणहून बोटांची पाठ तिच्या कपाळाला लावली आणि झटकन हात मागे घेतला. मग पुन्हा लावली. ‘‘न्या,’’ त्या म्हणाल्या.

आता त्या घरात ती कुत्री आहे. ती साखळीला बांधलेली नसते. चोर आला तर ती बहुधा त्याला बसायला सतरंजी दाखवेल, असं फोरमनसाहेबच सांगतात. दाराला त्यांनी मजबूत कडी आणि बाहेर दिवा लावला आहे. पहाऱ्याचं काम त्यांनी लोखंडाला आणि विजेला दिलं.

परवा बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी मोबाइलवर एका रुबाबदार पिल्लाचा फोटो घेऊन आले. ‘‘कसं वाटतं? एकदम खानदानी आहे! म्हटलं, आता वेळच वेळ आहे.’’

‘‘आधी हिला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊ. येताना बोलू,’’ फोरमनसाहेब म्हणाले.

कुत्री रमतगमत चालली, तरी परतीच्या वाटेवर शेजाऱ्यांना दोनदा थांबावं लागलं. ते कठड्यावर टेकले आणि फोरमनसाहेबांनी त्यांना पहिलवानची सगळी हकीकत सांगितली. स्वतःला सोयीचं तेवढं नाही, सगळी. पट्टा, बकल, पाइप, आणि फाटकात बसलेला कुत्रा. शेजाऱ्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

‘‘मग पाळूच नको म्हणता?’’

‘‘पाळा हो! उतारवयात दारात वाट बघणारा जीव असणं यासारखं सुख नाही. पण आधी स्वतःला तपासा. गुडघे, घर, शेजार, आपल्या मागे त्याचं कोण करणार, आणि आपला राग. मग त्यात जो मावेल तो आणा. आपण त्याला निवडतो, साहेब. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.’’

वाचकहो, आपल्याही गल्लीत एखादी साखळी खळखळत असेल, एखादा पट्टा सट्‌कन वाजत असेल. त्या घरावरून जाताना कुत्र्याला शिव्या देऊ नका आणि मालकाची वाहवाही करू नका. दार वाजवा आणि बोला. भीतीपोटी किंवा मिरवायला म्हणून मुका जीव घरी आणणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी होते. फोरमनसाहेब आता ज्या कुणाला कुत्रा घ्यायचा असेल त्याच्या घरी स्वतःहून जातात. लोक कधी कधी वैतागतात, दार लावून घेतात. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.